पित्तनलिकेतील स्टेंटची तुलना : एका परिभाषेची चिकित्सा

कर्करोगामुळे पित्तनलिका तुंबली असता पित्ताला वाट करून देण्यासाठी जी नळी बसवितात, तिचे प्लास्टिकची व धातूची असे दोन मुख्य प्रकार आहेत. या दोन प्रकारांची, आणि पुढे धातूच्या नळीच्या पोटभेदांची, तुलना करणारे वाङ्मय गेल्या तीन दशकांत विपुल झाले आहे. त्याचे वैद्यकीय परीक्षण त्या शास्त्राचे अभ्यासक करतातच. प्रस्तुत निबंधात त्याच्या परिभाषेचा, आणि तीतही मुख्यतः 'पेटन्सी' या एका संज्ञेचा, विचार करावयाचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने या क्षेत्रात पाऊल टाकण्याचे कारण उघड आहे. कोणतीही तुलना कोणत्या तरी नामाच्या आधारे होते. आणि ते नाम गुण सांगते तो नळीचा की रोग्याचा, यावर त्या तुलनेचा निष्कर्ष कोणाच्या उपयोगी पडावयाचा हे ठरते.

प्रथम वस्तुस्थिती. स्वादुपिंडाच्या शिरोभागाचा, खुद्द पित्तनलिकेचा किंवा पित्ताशयाचा कर्करोग वाढू लागला म्हणजे यकृतातून आतड्याकडे जाणारी पित्ताची वाट दाबली जाते. डोळे व त्वचा पिवळी पडतात, लघवी गडद व शौच पांढुरके होते, अन्नावरची वासना जाते आणि अंगभर अशी खाज सुटते की रोग्याला रात्री झोप लागत नाही. तुंबलेल्या पित्तात जिवाणू शिरले तर थंडी वाजून ताप येतो, आणि तो ताप जिवावरही बेततो. रोग लक्षात येतो तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेने तो काढून टाकण्याची वेळ निघून गेलेली असते. मूळ रोग तसाच ठेवून वाट तेवढी मोकळी करावयाची, एवढेच वैद्याच्या हाती उरते. हे काम पूर्वी पोट उघडून, पित्तनलिका आतड्याला दुसरीकडून जोडून, केले जाई. १९७९ साली हॅम्बुर्ग येथे नीब सोहेंद्रा यांनी तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून प्लास्टिकची नळी बसवून दाखविली, आणि पोट उघडण्याची गरज पुष्कळांच्या बाबतीत संपली.

प्लास्टिकच्या नळीची जाडी 'फ्रेंच' या मापात सांगतात. पॅरिसमधील शस्त्रे बनविणारा कारागीर शारिएर याचे हे माप असून तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर होय. नेहमीची नळी १० फ्रेंचची, म्हणजे ३.३ मिलिमीटर व्यासाची असते; कारण दुर्बिणीच्या पोटातून याहून फारशी जाड नळी जाऊ शकत नाही. धातूची नळी ही खरे पाहता नळी नसून आपोआप फुलणारी जाळी असते. मिटलेल्या स्थितीत ती बारीक वाटेने आत जाते आणि जागेवर सुटली की १० मिलिमीटरपर्यंत फुलते. व्यास तिप्पट झाला, की प्रवाहाच्या नियमानुसार वहनक्षमता तत्त्वतः एक्याऐंशी पट होते. प्लास्टिकची नळी जिवाणूंच्या थराने व पित्ताच्या गाळाने काही महिन्यांत भरून येते. धातूच्या जाळीत गाळ क्वचितच अडतो, पण तिच्या छिद्रांतून कर्करोगच आत वाढतो. तो अडविण्यासाठी जाळीवर पातळ पापुद्रा चढवून 'आच्छादित' जाळी करण्यात आली. तिच्या आत कर्करोग शिरत नाही, परंतु ती भिंतीला घट्ट धरीत नसल्यामुळे जागेवरून सरकते. उघड्या जाळीला जो दोष जडतो, त्यानेच ती जागच्या जागी रुतून बसते. ही विपरीत संगती पुढील सर्व वादाच्या मुळाशी आहे.

'स्टेंट' या शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स स्टेंट नावाच्या इंग्रज दंतवैद्याने दातांचे ठसे घेण्यासाठी एक लुकण तयार केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात एस्सर या डच शल्यविशारदाने कातडीचे कलम जागेवर दाबून धरण्यासाठी त्याचा उपयोग केला, आणि आडनावाचे सामान्यनाम झाले. हृदयाच्या रोहिणीमुळे हा शब्द आज घरोघर पोहोचला असला, तरी पित्तनलिकेच्या संदर्भात तो १९५० नंतरच्या दशकातच, म्हणजे रोहिणीच्या आधी, वापरला गेला होता. म्हणजे मूळ अर्थ 'आधार देऊन जागेवर धरणारे' असा आहे. 'वाट मोकळी ठेवणारे' हा अर्थ नंतरचा. आज तुलना होते ती मात्र या नंतरच्या अर्थाची.

या वाङ्मयातील आधारभूत प्रयोग १९९२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ॲम्स्टरडॅम येथील डेव्हिड्स व त्यांचे सहकारी यांनी १०५ रोग्यांची यदृच्छेने वाटणी करून ४९ जणांना धातूची व ५६ जणांना पॉलिएथिलीनची नळी बसविली. पेटन्सीची मध्यगा धातूच्या बाबतीत २७३ दिवस व प्लास्टिकच्या बाबतीत १२६ दिवस भरली. याच निबंधात रोग्यांच्या आयुष्याची मध्यगा १४९ दिवस दिली आहे, आणि दोन गटांत तिच्यात लक्षणीय फरक नव्हता असेही म्हटले आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. निम्मे रोगी पाच महिन्यांच्या आत मरण पावले. आणि त्यांच्या पोटातील नळी नऊ महिने उघडी राहिली! विसंगती वाटते, पण चूक नाही. असा आकडा जीवनसारणीच्या गणितानेच निघतो. जो रोगी नळी उघडी असताना मरण पावला, त्याला त्या दिवसापुरता मोजून पुढील हिशेबातून वगळतात, आणि उरलेल्यांच्या अनुभवावरून सर्वांचा काल अनुमानितात. मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानले आहेत. १४९ दिवस हा आकडा स्वार्थातला आहे: 'निम्मे रोगी इतके दिवस जगले.' २७३ हा आकडा संकेतार्थातला आहे: 'रोगी जगले असते, तर निम्म्यांच्या नळ्या इतके दिवस उघड्या राहिल्या असत्या.' संकेतार्थ हा असत्याचा प्रकार नव्हे. पण जे घडले नाही त्याविषयीचे ते विधान असते, आणि ते स्वार्थाच्या वेषात आले की वाचक फसतो. 'मीडियन पेटन्सी वॉज २७३ डेज' या इंग्रजी वाक्यात क्रियापद साध्या भूतकाळाचे आहे. अट त्यात कोठेही नाही. ती गणिताच्या पद्धतीत राहून गेली, वाक्यात उतरली नाही.

सांख्यिकीच्या अभ्यासकांना यात नवे काही नाही, आणि नळीची नळीशी तुलना करावयाची असेल तर हीच पद्धत योग्य आहे, हेही मान्य केले पाहिजे. दोष गणिताचा नाही. नळीविषयीचे उत्तर रोग्याविषयीच्या प्रश्नाला दिले जाते, तेथे दोष उत्पन्न होतो. शिवाय मृत्यूमुळे वगळलेले रोगी उरलेल्यांसारखेच होते असे जे गृहीत धरले जाते, ते या रोगात कितपत खरे आहे? अखेरच्या आठवड्यात ताप येऊन गेलेल्या माणसाची नळी उघडी होती की तुंबू लागली होती, हे दर वेळी पाहिलेले असेलच असे नाही. अशा रोग्याची नोंद 'नळी उघडी असताना मृत्यू' अशी झाली, म्हणजे नळीचा दोष मृत्यूच्या खाती जमा होतो.

स्वार्थातला आकडाही याच निबंधात आहे, पण तो नंतरच्या लेखकांनी तितक्या आवडीने उचललेला दिसत नाही. प्रथमच धातूची नळी बसविली तर दुर्बिणीच्या एकूण क्रिया २८ टक्क्यांनी कमी होतात, असे लेखकांनी दाखविले आहे. एखादा माणूस पुन्हा उपाशी पोटी रुग्णालयात गेला की गेला नाही, याला अट लागत नाही. २७३ व १२६ यांचे गुणोत्तर दुपटीहून मोठे आहे, म्हणून ते भाषणांत व तक्त्यांत मिरवते. रोग्याच्या पदरात पडले ते २८ टक्के.

आच्छादित व उघड्या जाळीचा वाद सुरू झाला तेव्हा संज्ञेची ही शिथिलता अधिकच जाणवू लागली. जपानमधील इसायामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'गट' या नियतकालिकात ११२ रोग्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. आच्छादित गटातील ८ जणांच्या, म्हणजे १४ टक्क्यांच्या, जाळ्या सरासरी ३०४ दिवसांनी तुंबल्या. उघड्या गटातील २१ जणांच्या, म्हणजे ३८ टक्क्यांच्या, सरासरी १६६ दिवसांनी. वाक्याच्या रचनेप्रमाणे ३०४ ही त्या ८ जणांची सरासरी आहे, गटाची नव्हे. तथापि हे आकडे उद्धृत होताना '३०४ विरुद्ध १६६' एवढेच उरण्याचा संभव फार. आणि मग डेव्हिड्स यांच्या २७३ च्या रांगेत तो ३०४ जाऊन बसतो. एक आकडा सर्व गटाविषयीचे सशर्त अनुमान, दुसरा आठ माणसांची प्रत्यक्ष सरासरी. दोहोंचे नाव मात्र एकच.

यानंतर २०१० साली स्वीडनमध्ये कुलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०० रोग्यांवर हाच प्रश्न तपासला, आणि पेटन्सीत फरक आढळला नाही. त्यांनी मध्यगा न देता प्रथम चतुर्थक दिला आहे: आच्छादित गटात १५४ दिवस, उघड्या गटात १९९ दिवस. आयुष्याची मध्यगा अनुक्रमे ११६ व १७४ दिवस होती. मध्यगेऐवजी चतुर्थक घेण्यातच पुष्कळ काही बोलले गेले आहे. चौथा हिस्सा नळ्या तुंबल्याचे अनुमान ज्या दिवशी पुरे होते, त्या दिवसापूर्वीच निम्म्याहून अधिक रोगी गेलेले आहेत. अशा रोग्यांत कोणती जाळी अधिक काळ उघडी राहते हा प्रश्न विचारणे शास्त्राला आवश्यक असेल; परंतु ज्याच्यासाठी ती बसवावयाची त्याच्या दृष्टीने तो बहुतेक वेळा उद्भवतच नाही. याच प्रयोगात आच्छादित जाळी ६ जणांच्या बाबतीत सरकली, उघडी एकाचीही सरकली नाही. आता सरकलेली जाळी तुंबलेली असते काय? कोशातल्या अर्थाने ती उघडीच असते, फक्त जेथे उघडी असावयास हवी तेथे नसते. एखाद्या लेखकाने पेटन्सीचा अर्थ अक्षरशः घेतला तर सरकलेली जाळी तुलनेतून निसटते आणि आच्छादित प्रकाराचा दोष अदृश्य होतो. दुसऱ्याने 'बिघाड' असा व्यापक अर्थ घेतला तर तो दिसू लागतो. निबंधांचे परस्परविरोध जाळ्यांच्या घडणीतून व रोग्यांच्या निवडीतून येतात हे खरे, पण त्यांतील काही भाग या एका शब्दाने निर्माण केला आहे असे म्हणावे लागते.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'उघडे असणे'. राजाने सर्वांना दिसावे म्हणून न मिटता दिलेले सनदपत्र ते 'पेटंट', आणि मराठी बोलीत एखाद्याची ठरलेली लकब ती 'पेटंट'. इतका हा शब्द भटकलेला आहे. मराठीत पेटन्सीसाठी 'खुलेपणा' म्हणावे की 'वहनक्षमता', याचा निर्णय करण्यापूर्वी मूळ संज्ञाच कशी सुधारली गेली हे पाहणे इष्ट ठरेल.

ती सुधारणा जपानी अभ्यासकांनी केली. 'टोकियो निकष २०१४' या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियमांत त्यांनी पेटन्सी या संज्ञेऐवजी 'पुन्हा पित्तावरोध होईपर्यंतचा काल' ही संज्ञा सुचविली, आणि पुनरवरोधात तुंबणे व सरकणे या दोहोंचा समावेश केला. भाषेच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा आहे. पेटन्सी हे गुणवाचक भाववाचक नाम होते, आणि गुणाला आश्रय लागतो. तो आश्रय नळी होती. नवी संज्ञा घटनेची आहे. अवरोध कोणाला होतो? रोग्याला. कर्ता बदलला, आणि सरकणे व तुंबणे हा भेद रोग्याच्या दृष्टीने गौण असल्यामुळे आपोआप गौण झाला. परिभाषा दुरुस्त झाल्यामुळे शास्त्र दुरुस्त झाल्याची जी थोडी निर्विवाद उदाहरणे देता येतील, त्यांत याची गणना करावयास हरकत नाही.

परंतु या नियमांतही 'यश' या शब्दाची सोडवणूक पुरी झालेली नाही. नळी जागेवर बसली की तांत्रिक यश. चौदा दिवसांत रक्तातील बिलिरुबिन निम्म्याने उतरले किंवा पूर्ववत झाले की कार्यात्मक यश. बिलिरुबिन मोजता येते, म्हणून ते मोजले जाते. खाज मोजण्याचे साधन बिलिरुबिनाइतके सोयीचे नाही. ती केव्हा थांबली, रोगी केव्हा जेवू लागला, याची नोंद बहुधा गौण तक्त्यात पडते. नेदरलँड्समध्ये प्लास्टिक व धातूची तुलना करताना वॉल्टर व सहकाऱ्यांनी रोग्यांना स्वतःच्या स्थितीविषयी प्रश्नावलीने विचारले आणि धातूच्या गटाला काही बाबतींत अधिक बरे वाटते असे २०१७ साली मांडले. हा मार्ग अधिक चोखाळला जावयास हवा होता.

नाम मोघम असले की केवढा अनर्थ संभवतो याचे एक वेगळे उदाहरण शस्त्रक्रियायोग्य रोग्यांच्या बाबतीत सापडते. २०१० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नेदरलँड्समधील २०२ रोग्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांची थेट शस्त्रक्रिया केली त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांना, आणि ज्यांच्या पित्ताचा आधी निचरा करून मग शस्त्रक्रिया केली त्यांच्यापैकी ७४ टक्क्यांना, गंभीर उपद्रव झाले. 'शस्त्रक्रियेपूर्वी निचरा अपायकारक' असे सूत्र यातून निघाले. पण 'निचरा' हे क्रियेचे नाव आहे, साधनाचे नव्हे. आणि त्या प्रयोगातील साधन प्लास्टिकची नळी हे होते. २०१६ साली टोल व सहकाऱ्यांनी पूर्ण आच्छादित धातूची जाळी वापरून पाहिली, तेव्हा नळीशी संबंधित उपद्रव प्लास्टिकच्या ४६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आले. थेट शस्त्रक्रिया शक्य असेल तेथे तीच इष्ट, हा निष्कर्ष त्यामुळे बदलला नाही. पण नाइलाजाने निचरा करावा लागणाऱ्या रोग्यासाठी साधनाचे नाव घेणे किती आवश्यक होते, हे सहा वर्षांनी स्पष्ट झाले.

खर्चाचा प्रश्न थोडक्यात आटोपता येईल, कारण तेथे आकडे स्वार्थातले आहेत. वॉल्टर यांच्याच २१९ रोग्यांच्या २०१५ मधील निबंधात नळीचा सरासरी कार्यकाल प्लास्टिकचा १७२, उघड्या जाळीचा २८८ व अंशतः आच्छादित जाळीचा २९९ दिवस निघाला. जाळी बसविण्याचा आरंभीचा खर्च जास्त असूनही वर्षअखेर एकूण खर्चात लक्षणीय फरक उरला नाही, अल्पायुषी रोग्यांतही नाही. युरोपातील दुर्बीणतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये चार महिन्यांहून कमी आयुष्य अपेक्षित असल्यास प्लास्टिक परवडते असे म्हटले होते; २०१८ मध्ये पित्तनलिकेच्या खालच्या भागातील अवरोधासाठी सरसकट धातूची जाळी सुचविली. पण 'खर्च समान' या विधानातही कर्ता लपलेला आहे. तेथे आरंभीचा व नंतरचा खर्च एकाच विमाव्यवस्थेवर पडतो, म्हणून बेरीज करता येते. जेथे कुटुंबाला जाळीची किंमत आज खिशातून भरावयाची आहे आणि पुढील दोन खेपांचा खर्च अनिश्चित आहे, तेथे त्या दोन रकमा एकाच रकान्यात मांडता येत नाहीत. भारतातील बहुसंख्य रोग्यांची स्थिती ही दुसरी आहे.

मराठी भाषकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती कोणत्याही प्रयोगाच्या तक्त्यात सापडावयाची नाही. मराठीत 'कावीळ' हे लक्षणाचेही नाव आहे व रोगाचेही. ज्याला कावीळ झाली त्याला पथ्य सांगितले जाते, झाडपाल्याचे औषध दिले जाते. आणि ती 'उतरते'. ताप उतरतो, विष उतरते, तशी कावीळ उतरते. या क्रियापदाचा अर्थ रोग गेला असा आहे. वेदनेविना आलेली, खाज असलेली कावीळ कर्करोगाची असू शकते हे ध्यानात येण्यापूर्वी काही आठवडे याच शब्दापायी जातात. पुढे जाळी बसते, बिलिरुबिन निम्म्यावर येते, डोळे पांढरे होतात. निकषांच्या भाषेत कार्यात्मक यश मिळते आणि घरच्यांच्या भाषेत कावीळ उतरते. दोन्ही विधाने खरी आहेत आणि त्यांचे अर्थ परस्परांच्या जवळही नाहीत. 'उपशामक' हा तत्सम शब्द या ठिकाणी मदत करीत नाही. तो संमतिपत्रावर छापलेला असतो आणि कोणी वाचत नाही. 'वाट मोकळी केली आहे, गाठ तशीच आहे. वाट पुन्हा तुंबेल, ताप आला किंवा लघवी पिवळी झाली तर त्याच दिवशी या' असे जे डॉक्टर सांगतात, ते टोकियो निकषांचे मराठी भाषांतरच करीत असतात. त्यात 'वाट' हे नाम आहे, 'नळी' नाही; आणि 'तुंबेल' हे क्रियापद भविष्यकाळाचे आहे, संकेतार्थाचे नाही.